गटाराला चार रकाने, नात्यांना एक ओळ: कौटुंबिक मूल्यांकनाची पार्श्वभूमी

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत आमच्या नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला जातात. घरात गेल्यावर पहिलं काम ठरलेलं. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे आणि मगच बॅग उघडायची. मग निघतो फॅमिली फोल्डर, म्हणजे कौटुंबिक मूल्यांकनाच्या नोंदींचा छापील तक्ता. घर कच्चं की पक्कं, खिडक्या किती, पाणी कुठून भरता, संडास स्वतःचा की सार्वजनिक, सांडपाणी कुठे जातं, डास, कचरा, जनावरं. शेवटी शेवटी एक ओळ येते: ‘कुटुंबातील परस्परसंबंध’. तिथे बहुतेक मुली एकच शब्द लिहितात, ‘समाधानकारक’.

असे फोल्डर मी वर्षानुवर्षं तपासते आहे, आणि त्या एका शब्दाने मी दर वेळी अस्वस्थ होते. मुलींना बोल लावण्यात अर्थ नाही. गटाराला चार रकाने आणि नात्यांना एक ओळ, ही वाटणी त्यांनी केलेली नाही. ती कशी झाली ते समजून घ्यायचं तर दीडशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीच्या शेवटच्या आजारपणात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने तिची सेवा केली. पत्नी गेल्यावर १८५९ मध्ये रॅथबोन यांनी याच बाईंना शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायला सांगितलं. काम तीन महिन्यांचं ठरलं होतं. महिनाभरातच त्या परत आल्या आणि हे आपल्याच्याने होणार नाही म्हणाल्या. जखमा बांधायची त्यांना सवय होती, पण घराघरातली दैना त्यांना बघवेना. रॅथबोन यांनी समजूत घातली, त्या पुन्हा गेल्या, आणि त्यातून जिल्हा परिचर्या उभी राहिली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. घरी जाणाऱ्या पहिल्या परिचारिकेला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की आजार एका माणसाचा नसतो, तो अख्ख्या घराचा असतो. पण हे कळणं लिहून ठेवायला तेव्हा कुठला रकाना नव्हता.

रकाने आले ते स्वच्छतेचे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा भर शुद्ध हवा, शुद्ध पाणी, निचरा, स्वच्छता आणि उजेड यांवर होता. त्या भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याचा विषय त्यांनी आयुष्यभर लावून धरला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला. त्या काळाला धरून ते अगदी योग्य होतं, कारण माणसं कॉलऱ्याने मरत होती. आमच्या फोल्डरमधला खिडक्यांचा प्रश्न त्याच वळणाचा आहे.

पुण्यात मात्र घरात शिरून तपासण्याला दुसरीच आठवण चिकटली. १८९७ च्या मार्चमध्ये रँड यांच्या प्लेग समितीने घरझडत्या सुरू केल्या. गोरे सोजीर थेट माजघरापर्यंत, देवघरापर्यंत जात. माणूस तापलेला दिसला की त्याची रवानगी इस्पितळात आणि घरच्यांची विलगीकरणाच्या छावणीत. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्याचं सांगतात. एकाच महिन्यात, एकाच साथीत, आजारी माणसापर्यंत जायच्या या दोन तऱ्हा पुण्याने पाहिल्या. वर्गात मी हे दोन्ही प्रसंग शेजारीशेजारी सांगते. दार अर्धवट उघडं धरून उभी असलेली बाई आपल्याला काय समजत असेल, हा विचार वर्तमानपत्र अंथरून बॅग ठेवण्याच्या त्या ‘बॅग टेक्निक’च्याही आधी यायला हवा.

रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथून विधवा बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचं काम, त्यामुळे समाजाचा विरोध होताच. पण मराठी बोलणारी, बायकांशी बसून बोलू शकणारी परिचारिका त्यातून मिळाली.

देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात चार पब्लिक हेल्थ नर्स सुचवल्या होत्या. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला, १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कार्यकर्त्यांची शिफारस केली. कुटुंब हा शब्द सगळीकडे होता. प्रत्यक्षात नोंदवहीत मात्र ‘पात्र जोडपी’, म्हणजे मूल होण्याच्या वयातली नवरा-बायको, तेवढी उरली. ज्या बाईचं पाळणा थांबवण्याचं वय उलटलं, ती त्या वहीतून बाहेर. पुणे जिल्ह्यातल्या वढूला केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात गावातल्याच माणसांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. घरची माहिती घरच्यासारख्या माणसाकडूनच मिळते, हे त्या कामातून दिसलं.

नात्यांकडे बघायची दृष्टी आली ती आरोग्य खात्याबाहेरून. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी महायुद्धात घरचा पुरुष लढाईवर गेलेल्या आणि मग परत आलेल्या आयोवातल्या कुटुंबांचा अभ्यास केला. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेल्या सूत्राला एबीसीएक्स म्हणतात. घडलेली घटना, घराजवळची साधनं आणि घराने त्या घटनेचा लावलेला अर्थ, या तिघांवरून ठरतं की संकट ओढवेल की नाही. मुलींना हे सांगताना मी पानशेतचा पूर घेते. १२ जुलै १९६१ चं पाणी नदीकाठच्या सगळ्या पेठांत शिरलं. पण गावाकडे ज्यांचं घर, जमीन, भाऊ होते त्यांना तोच पूर वेगळा आणि भाड्याच्या एका खोलीवर सगळा संसार असलेल्यांना वेगळा. ‘जीव वाचला, बाकी पुन्हा उभं करू’ म्हणणारं घर आणि ‘आमचं सगळं संपलं’ म्हणणारं घर, दोघांच्या भिंतीवर पाण्याची रेघ मात्र एकाच उंचीला.

त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे आपल्याकडच्या नातेसंबंधांवर काम करत होत्या. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या आहे: साधारणपणे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर शिजलेलं खाणारी, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवपूजा असलेली, एकमेकांच्या नात्यातली माणसं. आमच्या अभ्यासक्रमात अमेरिकन चौकटी येतात आणि ही पुण्यात घडलेली व्याख्या येत नाही, याचं मला वाईट वाटतं. ‘तुमच्या घरात किती माणसं?’ यापेक्षा ‘एका चुलीवर किती जेवता?’ हा प्रश्न वस्तीत कितीतरी जास्त सांगून जातो.

पुढची साधनं भराभर आली. १९६७ मध्ये होम्स आणि राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. त्या यादीत टँकरची वाट बघणं नाही, बचत गटाचा हप्ता नाही, अकरा महिन्यांनी खोली सोडावी लागणं नाही. १९७५ मध्ये ॲन हार्टमन यांनी इकोमॅप आणला: मध्ये घर, भोवती शाळा, नोकरी, दवाखाना, शेजार, भक्कम नात्याला ठळक रेघ, नाजूक नात्याला तुटक, ताणाच्या नात्यावर आडव्या खुणा. जिनोग्राम म्हणजे पिढ्या, नाती आणि आजार दाखवणारं घराचं चित्र, त्यात पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल. तो आपल्याला सहज कळतो, कारण वंशावळ आपल्या ओळखीची आहे. पण जुन्या वंशावळी मुलग्यांवरून पुढे जातात. जिनोग्राममध्ये आत्याचाही गोल काढावा लागतो, आणि घराण्यातला मधुमेह बरेचदा तिथेच सापडतो.

१९७८ मध्ये गॅब्रिएल स्मिल्कस्टीन या डॉक्टरांनी पाच प्रश्नांचं फॅमिली अपगार तयार केलं: घरच्यांच्या आधारावर, वागण्यावर तुम्ही समाधानी आहात का, अशा धाटणीचे प्रश्न. जन्मल्याबरोबर बाळाची प्रकृती दहापैकी गुणांत मोजणारा अपगार स्कोअर नर्सला माहीत असतोच. त्याच धर्तीवर इथे घराला दहापैकी गुण. एकदा एका मुलीने सासूसमोर सुनेला हे पाचही प्रश्न विचारले. दहापैकी नऊ गुण आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय येणार? आम्ही निघालो तशी ती सून पायऱ्यांपर्यंत सोडायला आली आणि हंडा कडेवर सावरत हळूच म्हणाली, “ताई, गोळ्या मी घेतच नाही. ते पैसे यांच्या हप्त्यात जातात.” मुलीने फोल्डर तोवर बॅगेत ठेवला होता.

परिचर्येने ही सगळी शिदोरी खऱ्या अर्थाने आपलीशी केली ती ऐंशीच्या दशकात. १९८१ मध्ये मेरिलिन फ्रीडमन यांचं कुटुंब परिचर्येचं पुस्तक आलं. १९८४ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या लोरेन राइट आणि मॉरीन लेही यांनी रचना, वाटचाल आणि वागणूक अशा तीन अंगांनी घर समजून घ्यायची पद्धत मांडली. रुग्ण पुढे आणि घर त्याच्या मागचा पडदा, ही मांडणी त्यांनी बदलली. त्यांचे प्रश्नही वेगळे आहेत. ‘तुम्हाला काय होतं?’ याऐवजी ‘तुमचं दुखणं वाढलं की घरात सगळ्यात जास्त घाबरतं कोण?’ यावर ‘समाधानकारक’ असं उत्तर देताच येत नाही.

तरी सवयी लवकर सुटत नाहीत. १५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होते. त्या कामाची गरज होती आणि त्यांनी ते जीव धोक्यात घालून केलं. पण नावात कुटुंब असलं तरी कागदावर एकेका माणसाचे आकडेच आले. कमावता माणूस घरी बसला होता आणि आजी गच्चीखालच्या खोलीत एकटी होती, ते लिहायला पुन्हा जागा नव्हती.

या सत्रात मी मुलींना पहिल्या भेटीत फोल्डर काढू देत नाही. दुसऱ्या भेटीला कोरा कागद आणि पेन्सिल. परवा एका घरात मुलीने जिनोग्राम काढला आणि एकत्र राहणाऱ्यांभोवती नियमाप्रमाणे तुटक रेघ ओढली. कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या आजी बराच वेळ बघत होत्या. त्यांनी वाकून, परांड्याला असलेल्या थोरल्या मुलाच्या चौकोनावर बोट ठेवलं. “ह्याला बाहेर का ठेवलास गं? ज्वारी त्याच्याकडनं येती.” मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग रेघ खोडली आणि त्याला आत घेऊन पुन्हा काढली.