जुने रिफॉर्म्ड ग्रंथ आणि यंत्रानुवाद : लॅटिनमधून इंग्रजीपर्यंतच्या वाटेची पार्श्वभूमी

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपातील रिफॉर्म्ड (प्रॉटेस्टंट पंथाची झ्विंगली-कॅल्विन यांची शाखा) पंडितांनी लिहिलेले लॅटिन ग्रंथ संगणकाच्या साहाय्याने इंग्रजीत आणण्याचे काम गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहे. ज्या ग्रंथकारांची नावे आजवर अभ्यासकांच्या तळटीपांतच भेटत होती, त्यांची पानेच्या पाने आता लॅटिनचा गंध नसलेला पाळक किंवा सेमिनरीचा, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेचा, विद्यार्थी चाळू शकतो. मात्र हे ग्रंथ तीन-चारशे वर्षे इंग्रजीबाहेर राहिले कसे, हे पाहिल्याखेरीज यंत्राने नेमके काय बदलले ते कळत नाही. लॅटिन अवघड होती, एवढ्यावर हे उत्तर भागत नाही; काय भाषांतरित करायचे आणि काय नाही, हे कोणी व कशासाठी ठरवले, याचा तो इतिहास आहे.

रिफॉर्म्ड परंपरेची सुरुवात १५१९ साली झुरिचमध्ये उलरिच झ्विंगलीने प्रवचनांना आरंभ केला तिथपासून धरतात. झ्विंगलीनंतर १५३१ मध्ये हाइनरिश बुलिंगर त्याच्या जागी आला आणि पुढे जिनिव्हात जॉन कॅल्विनने या विचाराला ग्रंथरूप दिले. या पहिल्या पिढीच्या बाबतीत इंग्रजीने अजिबात उशीर केला नाही. कॅल्विनच्या मुख्य ग्रंथाची अखेरची लॅटिन आवृत्ती १५५९ मध्ये निघाली आणि थॉमस नॉर्टनचे इंग्रजी भाषांतर १५६१ मध्ये, म्हणजे कॅल्विन हयात असतानाच, लंडनमध्ये छापले गेले. बुलिंगरची प्रवचने १५७७ मध्ये आणि पीटर मार्टर व्हर्मिग्लीचा विषयवार संग्रह १५८३ मध्ये इंग्रजीत आला. एलिझाबेथच्या काळातील इंग्लंडात पुरेसे शिकलेले पाळक कमी होते, म्हणून १५८६ मध्ये अल्पशिक्षित पाळकांनी बुलिंगरची प्रवचने नियमाने वाचावीत असा दंडक चर्चने घातला. भाषांतराला गिऱ्हाईक होते, त्यामुळे भाषांतर झाले.

सतराव्या शतकात चित्र पालटले, आणि ते पालटण्याचे कारण वरवर पाहता उफराटे वाटते. जिनिव्हा, हायडेलबर्ग, लायडन, फ्रानेकर, उट्रेख्त या विद्यापीठांत हा विचार वर्गात शिरला. हंगेरीचा विद्यार्थी आणि स्कॉटलंडचा विद्यार्थी एकाच बाकावर बसून लॅटिनमध्ये वाद घालू लागला. १६१८-१९ ची नेदरलँड्समधील डॉर्टची धर्मसभाही, तिथे अनेक देशांचे प्रतिनिधी असल्याने, लॅटिनमध्येच चालली. लायडनच्या चार प्राध्यापकांचा संयुक्त ग्रंथ १६२५ मध्ये, उट्रेख्तच्या गिस्बर्ट व्होएटियसच्या निवडक वादसभांचे पाच जाडजूड खंड १६४८ ते १६६९ या काळात आणि जिनिव्हाच्या फ्रान्सिस टुरेटिनचे तीन खंड १६७९ ते १६८५ या काळात प्रसिद्ध झाले. हे ग्रंथ ज्या पंडितांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिले गेले त्यांना लॅटिन उत्तम येत होती, म्हणून ते इंग्रजीत आणण्याची गरज कोणाला भासली नाही. पुढे अठराव्या शतकात लॅटिनचे बळ ओसरले, तेव्हा वाचकांची रुचीही बदललेली होती आणि या काटेकोर वादग्रंथांना विचारणारे फारसे कोणी उरले नव्हते. गरज होती तेव्हा भाषा येत होती आणि भाषा गेली तेव्हा गरजही गेली, अशा कात्रीत ही अख्खी दीडशे वर्षे सापडली.

या कात्रीतून एक ग्रंथ अर्धवट सुटला, त्याची हकिगत पाहण्याजोगी आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन सेमिनरीत एकोणिसाव्या शतकात चार्ल्स हॉज आपल्या विद्यार्थ्यांना टुरेटिन मूळ लॅटिनमधूनच शिकवत असे. त्यासाठी १८४७ मध्ये मूळ ग्रंथाचे पुनर्मुद्रणही झाले होते. विद्यार्थ्यांची लॅटिन तोकडी पडते आहे हे पाहून हॉजने प्रिन्स्टन कॉलेजातील लॅटिनचे प्राध्यापक जॉर्ज मस्ग्रेव्ह गायगर यांना भाषांतर करण्याची विनंती केली. गायगर यांनी सबंध ग्रंथ इंग्रजीत उतरवला. ते हस्तलिखित सुमारे ८,००० पानांचे भरले. पुढे १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉजचा स्वतःचा ग्रंथ इंग्रजीत आला, टुरेटिन पाठ्यक्रमातून मागे पडला आणि ते हस्तलिखित सेमिनरीच्या ग्रंथालयात पडून राहिले. ते संपादित होऊन छापील स्वरूपात आले १९९२ ते १९९७ या काळात. पूर्ण झालेले भाषांतरसुद्धा शंभर वर्षांहून अधिक काळ वाचकापर्यंत पोहोचत नाही, याचा अर्थ अडचण भाषांतरकार मिळण्याची नव्हती. छपाईचा खर्च कोणी उचलायचा आणि कोणासाठी, ही होती.

पेत्रुस फान मास्ट्रिख्त या उट्रेख्तच्या प्राध्यापकाची गोष्ट याहून लांबलेली आहे. अमेरिकी ईश्वरविज्ञानी जोनाथन एडवर्ड्सने १७४७ मध्ये एका पत्रात बायबल वगळता जगातील कोणत्याही ग्रंथाहून, अगदी टुरेटिनहूनही, मास्ट्रिख्त सरस असल्याचे लिहिले होते. एवढी शिफारस मिळूनही अठराव्या शतकात त्यातला एक छोटा भागच इंग्रजीत आला. पूर्ण ग्रंथ खंडाखंडाने निघू लागला तो २०१८ पासून.

याच काळात कॅल्विनचे मात्र बरेचसे उपलब्ध होते. एडिंबरो येथे केवळ त्याच्या भाषांतरांसाठी स्थापन झालेल्या संस्थेने १८४० आणि १८५०च्या दशकांत त्याची भाष्ये आणि पत्रके इंग्रजीत आणली. परिणाम असा झाला की इंग्रजी वाचकाच्या मनात रिफॉर्म्ड परंपरा म्हणजे एकटा कॅल्विन, आणि त्याच्यानंतरचे सगळे म्हणजे त्याचा जिवंत विचार सुकवून टाकणारे शुष्क पंडित, असे समीकरण बसले. विसाव्या शतकातील बऱ्याच अभ्यासकांनी हा आरोप गंभीरपणे मांडला. ज्यांच्यावर आरोप होता त्यांचे ग्रंथ मात्र मोजकेच लोक वाचत होते. अनेकांची भिस्त हाइनरिश हेप्पे याने १८६१ मध्ये केलेल्या जर्मन संकलनावर होती, ज्यात निरनिराळ्या ग्रंथकारांचे उतारे विषयवार एकत्र केलेले आहेत आणि कोण कोणाशी कोणत्या प्रसंगी वाद घालत होता हे हरवलेले आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये निघाले. पुढे रिचर्ड मुलर यांच्यासारख्या इतिहासकारांनी मूळ लॅटिन ग्रंथ समोर ठेवून तो आरोप बराचसा खोडून काढला. माझ्या मते यंत्रानुवादाचे खरे महत्त्व इथे आहे. एखाद्या ग्रंथाविषयीचे मत तपासण्यासाठी तो ग्रंथ उघडता यावा, ही साधी सोय या विषयात पूर्वी मूठभरांनाच होती.

माणसांनी केलेल्या भाषांतरांचा वेग १९९०च्या दशकापासून वाढला. विल्हेल्मुस आ ब्राकेलचा डच ग्रंथ त्या दशकात इंग्रजीत आला, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिकांनी, पाळकांनी व प्राध्यापकांनी मिळून डच रिफॉर्म्ड ट्रान्सलेशन सोसायटी काढली. तिच्या पुढाकाराने डच ईश्वरविज्ञानी हेर्मान बाव्हिंकचे चार खंड २००३ ते २००८ मध्ये इंग्रजीत आले आणि मास्ट्रिख्तचे कामही तिनेच हाती घेतले. लायडनच्या संयुक्त ग्रंथाची लॅटिन-इंग्रजी आवृत्ती पुरी व्हायला २०२० साल उजाडले. अशा एकेका ग्रंथामागे अनेक वर्षांचे श्रम आणि देणगीदारांचा पैसा असतो, त्यामुळे जे नावाजलेले असते तेच आधी निवडले जाते. व्होएटियसचे पाच खंड बहुतांशी अजून रांगेतच आहेत.

यंत्राला वाचायला काहीतरी हवे, आणि ते पुरवण्याचे काम ग्रंथपालांनी आधीच करून ठेवले होते. गूगलने २००४ पासून मोठ्या ग्रंथालयांतील पुस्तकांचे स्कॅन करायला घेतले. स्वित्झर्लंडच्या ग्रंथालयांनी ई-रारा या संकेतस्थळावर आपली जुनी मुद्रिते खुली केली. आणि कॅल्विन सेमिनरीतील ज्युनियस इन्स्टिट्यूटने पोस्ट-रिफॉर्मेशन डिजिटल लायब्ररी या सूचीत विखुरलेल्या स्कॅनचे दुवे ग्रंथकारांच्या नावांनुसार लावून दिले. यंत्रानुवादाच्या चर्चेत या सूचीचे नाव क्वचितच निघते. वास्तविक तिच्याशिवाय कोणता ग्रंथ कुठे आहे, हेच सापडले नसते.

स्कॅनपासून मजकुरापर्यंतचा टप्पा मात्र खडतर आहे. जुन्या छपाईत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणारा लांबट ‘एस’ जवळजवळ ‘एफ’सारखा दिसतो, आणि तिरप्या टाइपात तर दोहोंतला फरक केसाएवढा असतो; चित्रातली अक्षरे ओळखणारी ओसीआर प्रणाली एकाच्या जागी दुसरा वाचते आणि ‘सुंत’चा ‘फुंत’ होतो. सोळाव्या शतकातील पुस्तकांत जागा वाचवण्यासाठी ‘नोन’ या नकारवाचक शब्दातले शेवटचे अक्षर गाळून आधीच्या स्वरावर नुसती आडवी रेघ देण्याची रीत होती. ती रेघ वाचली गेली नाही, तर वाक्यातला नकारच जातो. शिवाय मध्येच ग्रीक आणि हिब्रू अवतरणे येतात, आणि समासात संदर्भांची दाटी असते. इन्सब्रुक विद्यापीठातून निघालेल्या ट्रान्सक्रिबस या अक्षरवाचन प्रणालीने अशा जुन्या छपाईवर आणि हस्ताक्षरावर खास शिकवलेली प्रारूपे (मॉडेल) वापरात आणली, तेव्हा कुठे हा मजकूर बऱ्यापैकी स्वच्छ मिळू लागला.

यंत्रानुवादाचा स्वतःचा इतिहास १९४९ मध्ये वॉरन वीव्हर यांनी लिहिलेल्या टिपणापासून सांगता येतो. इथे त्यातला शेवटचा भाग पुरेसा आहे. गूगलच्या भाषांतरसेवेत लॅटिनचा समावेश २०१० मध्ये झाला. त्या वेळची पद्धत सांख्यिकीय होती, म्हणजे एकच मजकूर दोन भाषांत जितका मिळेल तितका तिचा आवाका. वादग्रंथांतली लांबलचक लॅटिन वाक्ये तिला पेलत नसत. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही भाषा हाताळणारी नवी यंत्ररचना आली, तिच्यावर मोठी भाषिक प्रारूपे उभी राहिली आणि गेल्या काही वर्षांत लॅटिनचे इंग्रजी वाचनीय होऊ लागले. इथे धोक्याचे रूपही बदलले. जुन्या यंत्राची चूक वाक्य मोडून पडल्याने लगेच दिसायची, तर नवे यंत्र बिघडलेल्या मजकुरातूनही गुळगुळीत वाक्य बनवते आणि वाचकाला शंकादेखील येत नाही.

टुरेटिनच्या ग्रंथाचे एखादे प्रकरण उघडले, तर हा धोका नेमका कुठे आहे ते दिसते. तो आधी प्रश्न मांडतो, त्याच्या शेवटी होकार किंवा नकाराचा एका शब्दाचा शेरा देतो, मग वाद नेमका कशावर आहे आणि कशावर नाही ते सांगतो, क्रमांकित परिच्छेदांत पुरावे देतो आणि अखेरीस प्रतिपक्षाच्या आक्षेपांना उत्तरे देतो. आक्षेपाला आजच्यासारखी अवतरणचिन्हे असतीलच असे नाही. परिच्छेद सुटा करून यंत्राला दिला, की त्रैक्य नाकारणाऱ्या सोसिनियन पंथीयाचे म्हणणे टुरेटिनच्याच तोंडी जाऊ शकते. लॅटिन जाणणारा संपादक हे एका नजरेत पकडतो; म्हणून जबाबदारीने काम करणारे लोक यंत्राच्या भाषांतराशेजारी मूळ पान ठेवतात आणि ते तपासलेले आहे की नाही हे स्पष्ट लिहितात. तशी नोंद नसलेली भाषांतरे अवतरण म्हणून वापरू नयेत, असे मला वाटते. शोध घेण्यासाठी मात्र ती बहुमोल आहेत.

मराठी वाचकाला या परंपरेचा परिचय वेगळ्या वाटेने झाला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांतले होते, आणि १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन हे वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार (सतराव्या शतकातील रिफॉर्म्ड श्रद्धाविधान) मानणाऱ्या स्कॉटिश चर्चचे पाळक होते. दोन्ही प्रवाह याच वादग्रंथांच्या वारशावर वाढलेले होते, तरी इथे पोहोचले ते बायबलची भाषांतरे, प्रश्नोत्तरावल्या आणि इंग्रजी सारांश.

सर्वांत पद्धतशीर प्रयोग सध्या झुरिचमध्येच पाहायला मिळतो. बुलिंगरचा सुमारे १२,००० पत्रांचा पत्रव्यवहार शिल्लक आहे, त्यातली बहुतेक पत्रे त्याला आलेली, काही लॅटिनमध्ये तर काही त्या काळच्या जर्मनमध्ये, आणि पुष्कळदा एकाच पत्रात दोन्ही भाषा. त्यांची छापील संपादित आवृत्ती १९७३ पासून निघते आहे आणि अर्ध्या शतकानंतरही ती १५७५ पर्यंत, म्हणजे बुलिंगरच्या मृत्यूपर्यंत, पोहोचलेली नाही. झुरिच विद्यापीठाच्या बुलिंगर डिजिटल प्रकल्पाने उरलेल्या पत्रांच्या प्रतिमा, हस्ताक्षरवाचन आणि यंत्रानुवाद एकत्र आणले आहेत, आणि संपादकांनी तपासलेला मजकूर व यंत्राने काढलेला मजकूर यांतला फरक तिथे वाचकापुढे उघड ठेवलेला असतो.