ढांग का आखडते?

तलावपाळीवर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या घोळक्यात परवा एका काकूंनी जुनी बातमी काढली. २०२२ मध्ये वडोदऱ्याला हरयाणाच्या १०५ वर्षांच्या रामबाई १०० मीटर ४५.४० सेकंदांत धावल्या. त्यावर पहिला प्रश्न आला, त्या तूप किती खातात? तुपाने वेग आला असता तर आमच्यातले निम्मे हलवाई ऑलिंपिकला गेले असते!

त्याच वर्षी फिनलंडमधल्या टाम्पेरेत ९४ वर्षांच्या भगवानी देवींनी हेच अंतर २४.७४ सेकंदांत कापून जागतिक मास्टर्स (पस्तिशीपुढच्या खेळाडूंच्या) स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर. सुटलेल्या लोकलमागे आपण किती वेगाने धावतो ते ताडून पाहा. (नको, धावूच नका.)

वयाने वेग जातो, पण पाय तेवढे मंद पडत नाहीत. मास्टर्स धावपटूंमध्ये सेकंदाला पडणारी पावलं फारशी घटत नाहीत, आखडते ती ढांग. जोरात पळताना पाऊल जमिनीवर टेकतं जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात शरीर पुढे फेकायचं तर स्नायूतले वेगवान, म्हणजे झटकन आकसणारे, तंतू हवेत.

आणि इथेच खरी गंमत आहे. मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी शेकडो तंतू सांभाळते. साठीनंतर या पेशी मरू लागतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. शेजारची चेतापेशी फांदी फोडून काहींना दत्तक घेते. पण घेणारी मंद तंतू सांभाळणाऱ्या जातीची असेल, तर वेगवान तंतूही हळूहळू मंद होतो! तंतूचा स्वभाव मज्जातंतू ठरवतो, हे १९६० मध्ये बुलर, जॉन एकल्स आणि त्यांची कन्या रोझमंड यांनी मांजरांच्या मज्जातंतूंची अदलाबदल करून दाखवलं. मायोसिन या प्रथिनाचा प्रकारच बदलतो, म्हणून तंतूचं आकुंचन संथ होतं.

वयाने वेग कसा घसरतो ते एकाच व्यक्तीत पाहा. अमेरिकेच्या ज्युलिया हॉकिन्स २०१७ मध्ये, १०१व्या वर्षी, १०० मीटर ४०.१२ सेकंदांत धावल्या होत्या. १०५व्या वर्षी त्यांना ६२.९५ लागले.

वजनं उचलल्याने उरलेले वेगवान तंतू जाड राहतात, गेलेल्या चेतापेशी मात्र परत येत नाहीत. 'वय उलटवणारी' पावडर विकणाऱ्याला हे जरूर विचारा. आमच्या संथ फेऱ्या हृदयाला चांगल्या, पण हलक्या कामाला शरीर आधी मंद तंतूच जुंपतं. वेगवान तंतूंना तलावपाळीवर अजून कुणी हाक मारलेली नाही.