दातातली चांदी आणि डोक्याचा एमआरआय

‘दातात चांदी किंवा कॅप असेल तर डोक्याचा एमआरआय होत नाही, आधी ती काढून घ्या,’ हा निरोप मुंबईतल्या फॅमिली ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय.

भीती समजण्यासारखी आहे. एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं चुंबकच, आणि चुंबक म्हटलं की खेचाखेच आलीच. पण दातातली ‘चांदी’ म्हणजे चांदी, कथील, तांबं आणि पारा यांचं मिश्रण. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. खरी अडचण चित्राची. धातूजवळचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं, तिथला सिग्नल विझतो आणि जबड्यापाशी काळा डाग उमटतो. फिलिंगचा डाग लहान असतो, मेंदू त्याच्या बराच वर. स्टीलच्या ब्रेसेसचा मात्र डोळ्यांपर्यंत, कधी कपाळामागच्या भागापर्यंत पसरतो. ग्रेडियंट एको आणि डिफ्युजन या एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांत तर हमखास.

अशा वेळी टेक्निशियन स्पिन एको (धातूनं कमी बिघडणारं चित्र) घेतो, बँडविड्थ (सिग्नल वाचायचा वारंवारतेचा पट्टा) वाढवतो, स्लाइस (चित्राचा काप) पातळ करतो. इथे ३ टेस्लापेक्षा (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) १.५ टेस्लाचं मशीन बरं. महागडं म्हणजे नेहमी स्वच्छ, असं नाही.

पडताळायचं तर फिल्म बघा. धातूचा डाग काळा, एकाच जागी, कडेला पांढरी झाक. डोक्याची कड एकाच दिशेला ओळीनं दोन-तीनदा दिसली, तर दात निर्दोष, डोकं हललंय. परळला लोकलमधून उतरून धापा टाकत थेट टेबलावर झोपू नका, दहा मिनिटं बसा.

कवळी, नथ, गजऱ्याची पिन काढा. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल, तर मात्र आत जाण्याआधीच सांगा आणि त्याचं कार्ड दाखवा.