चैत्रातली धाप

‘कुत्र्याला जिभेतून घाम येतो’ हे वाक्य दर वर्षी पाडव्याच्या सुमारास कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. प्रश्नमंजूषेत त्याला गुण मिळतात, व्हॉट्सअॅपवर ते ‘तुम्हाला माहीत आहे का?’ म्हणून फिरतं, आणि सोसायटीच्या बागेत जीभ लोंबवत बसलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून आजोबा नातवाला तेच सांगतात. हे वाक्य चुकीचं आहे. कुत्र्याच्या जिभेवरचं पाणी घामाचं नसतं, आणि त्याच्या गारव्याचं निम्मं रहस्य तर जिभेत नसून नाकात आहे. ते इतकं देखणं आहे की एका चुकीच्या वाक्याखाली झाकून जावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडचा वसंत उन्हाची वर्दी घेऊन येतो. फाल्गुनात काटेसावर आणि पळस फुलतो, चैत्रात कडुलिंब मोहरतो, कोकिळ पहाटे अंधारातच ओरडायला लागतो. घरात माठ निघतो, त्यात वाळ्याची जुडी पडते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं होतं. आमचा मोत्या जातीने गावठी, रंगाने तपकिरी. त्याचाही वसंत याच दिवसांत सुरू होतो. हिवाळाभर दाराजवळच्या गोधडीवर झोपणारा हा प्राणी एके दिवशी गोधडी सोडतो आणि शहाबादी फरशीला पोट टेकून चारी पाय पसरतो. त्याच सुमारास त्याच्या अंगावरची आतली मऊ लव झडू लागते आणि केरसुणीला रोज मूठभर केस लागतात.

ही लव झडण्यामागे उन्हापेक्षा उजेडाचा हात मोठा. दिवस मोठा झाला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे रात्रीच्या अंधारात स्रवणारं संप्रेरक कमी वेळ स्रवते, आणि तो संदेश केसांच्या मुळांपर्यंत पोहोचतो. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा असतो. फरक बेताचाच. त्यात घरातला कुत्रा मध्यरात्रीपर्यंत ट्यूबलाइटच्या उजेडात असतो, म्हणून पाळीव कुत्र्यांचे केस थोडेफार बाराही महिने गळत राहतात.

आता मुख्य विषय. कुत्र्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. आपल्या कातडीत काही दशलक्ष घर्मग्रंथी आहेत. आपल्यासारख्या पाणीदार घाम देणाऱ्या ग्रंथी कुत्र्याला फक्त पंजाच्या गादीत असतात, आणि त्यांचा गारव्याला उपयोग जवळजवळ शून्य. घाबरलेला कुत्रा डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर ओले ठसे उमटवतो, ते या ग्रंथींचं काम. बाकी सगळी उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः श्वासावाटे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० ज्यूल उष्णता सोबत नेतं. हा शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा. म्हणजे कुत्र्याला दोनच गोष्टी हव्यात: भरपूर ओला पृष्ठभाग, आणि त्यावरून सतत वाहणारी हवा.

ओला पृष्ठभाग कुठला? जीभ आहेच. उन्हात ती रुंद होते, तिच्यातला रक्तप्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, आणि तिच्यावर लाळ पसरते. पण खरा कारखाना नाकात आहे. कुत्र्याच्या लांब मुस्कटाच्या आत कागदाइतक्या पातळ हाडांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलसर, रक्ताने भरलेलं अस्तर असतं. बाहेरून चार बोटं दिसणाऱ्या नाकात त्यामुळे प्रचंड मोठा पृष्ठभाग मावतो. तो ओला ठेवायला पाणी लागतं. ते पुरवणाऱ्यांत एक मोठा वाटा एका ग्रंथीचा आहे. नाकाच्या बाजूच्या भिंतीतली ही ग्रंथी सतराव्या शतकात निल्स स्टेन्सन या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाने वर्णन केली होती. हाच स्टेन्सन पुढे भूशास्त्राच्या जनकांपैकी एक ठरला. कुत्र्याच्या धापेत ही ग्रंथी काय करते, हे मात्र १९७२ मध्ये ब्लॅट, टेलर आणि हबाल या तिघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं. हवा १० अंशांवर असताना ग्रंथी कोरडी होती. हवा तापवत नेली तसतसा तिचा स्राव वाढत गेला, आणि एकेक ग्रंथी तासाला सरासरी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास पाणी देऊ लागली. धापेमुळे श्वासावाटे जी जादा वाफ होते, तिच्यापैकी १९ ते ३६ टक्के वाफ एवढ्या पाण्यातून होऊ शकते. आपल्या घर्मग्रंथींचं काम कुत्र्यात करणारा अवयव शोधायचाच असेल, तर तो नाकात असा दडलेला आहे.

आता हवेचा रस्ता. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड उघडं असतं, म्हणून तो तोंडाने श्वास घेतोय असंच वाटतं. १९७० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या क्नूट श्मिट-नील्सन यांनी सहकाऱ्यांबरोबर हे मोजून पाहिलं. कुत्रा हवा आत घेत होता नाकाने आणि बाहेर सोडत होता मुख्यतः तोंडाने. यात मोठी हुशारी आहे. हवा नाकातून आत जाताना तिथल्या अस्तरावरून पाणी उचलते आणि अस्तर गार होतं. तीच हवा फुप्फुसाकडून ऊन आणि ओली होऊन त्याच गार अस्तरावरून परत आली, तर वाफेचं पुन्हा पाणी होईल आणि नेलेली उष्णता परत नाकात जमा होईल. थंडीत आणि विश्रांतीत कुत्र्याला तेच हवं असतं, कारण त्यात पाणी वाचतं. उन्हात मात्र उष्णता घालवायची असते, म्हणून बाहेरची वाट बदलते. उष्णता वाढत जाते तसा तो टप्प्याटप्प्याने पुढे जातो: आधी तोंड मिटून नाकानेच जलद श्वास, मग आत नाकाने आणि बाहेर नाक-तोंड दोन्हींनी, आणि अगदीच असह्य झालं की आत-बाहेर दोन्ही वाटांनी. तुमचा कुत्रा यापैकी कुठल्या पायरीवर आहे ते पाहा. थर्मामीटरशिवाय बरंच कळतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. निवांत कुत्रा मिनिटाला १० ते ३० श्वास घेतो. धाप लागली की हा आकडा हळूहळू चढत नाही. तीस-चाळीसवरून तो थेट तीनशेच्या वर उडी मारतो आणि मधल्या वेगावर जवळजवळ थांबतच नाही. असं का?

छाती, बरगड्या, फुप्फुसं, श्वासपटल हे सगळं लवचिक आहे; ताणलं की आपोआप जागेवर येतं. लवचिक आणि वजनदार अशा कुठल्याही व्यवस्थेची स्वतःची एक वारंवारता असते. चैत्रगौरीचा पाळणा हलवून पाहा. त्याच्या लयीत बोट लावलं तर नुसत्या स्पर्शाने तो झुलत राहतो, आणि लय सोडून ढकलला तर हात दुखेपर्यंत जोर लावावा लागतो. हाच अनुनाद. १९६२ मध्ये क्रॉफर्ड या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या श्वसनयंत्रणेची स्वाभाविक वारंवारता मोजली. ती सेकंदाला पाचच्या थोडी वर निघाली, म्हणजे मिनिटाला तीनशेहून थोडी अधिक. आणि कुत्रे धापत होते ते नेमके त्याच वारंवारतेवर! स्नायूंनी फक्त प्रत्येक फेरीला हलकासा धक्का द्यायचा, बाकीचं काम छातीची लवचिकता करते. हा अनुनाद नसता तर इतक्या जलद श्वासासाठी स्नायूंना जी मेहनत करावी लागली असती, तिच्यातून निर्माण होणारी उष्णता धापेने बाहेर टाकलेल्या उष्णतेहूनही जास्त झाली असती. कुत्रा गार होण्याच्या प्रयत्नात तापत गेला असता. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये आपल्या कुत्र्याचं चित्रीकरण करा आणि मोजा. आकारमानानुसार थोडा फरक पडेल, पण आकडा या परिसरातच येईल.

यात अजून एक अडचण होती. इतक्या जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने निघून गेला तर रक्त अल्कधर्मी होतं, आणि चक्कर येते. कुत्रा यातून वाट काढतो ती श्वास उथळ ठेवून. धापेतली बहुतेक हवा नाक, तोंड आणि श्वासनलिका यांच्यातच ये-जा करते, फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत फारशी जात नाही. फारच तापला तर श्वास खोल होत जातो, आणि मग ही सोयही कमी पडते.

थोडं गणित करू. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा ३८ अंशांवर जवळजवळ संपृक्त, म्हणजे वाफेने काठोकाठ भरलेली असते, असं धरू. अशा एक घनमीटर हवेत ४६ ग्रॅम वाफ मावते. समजा नागपुरात दुपारी ४० अंश तापमान आहे आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के. त्या हवेत मुळात १० ग्रॅम वाफ आहे, म्हणजे प्रत्येक घनमीटर हवा कुत्र्याकडून ३६ ग्रॅम पाणी आणि सुमारे ८६ किलोज्यूल उष्णता नेईल. मुंबईत समजा ३३ अंश आणि ७० टक्के. त्या हवेत आधीच २५ ग्रॅम वाफ आहे. जागा उरली २१ ग्रॅमची, आणि वाफेवाटे जाणारी उष्णता झाली ५० किलोज्यूल. तितकीच धाप, पण फळ निम्म्याच्या जरा वर. ‘आज ३३च तर आहे’ म्हणून मुंबईत किंवा पणजीत भरदुपारी कुत्र्याला फिरायला नेणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. नागपूरकरांची अडचण वेगळी. तिथे बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असल्याने उष्णता उलट आत शिरते, आणि पाणीही खूप जातं.

उष्णता आत शिरू न देणं हे केसांचं काम. म्हणून चैत्र लागला की दाट, दुहेरी केसांच्या कुत्र्याचा चकोट करून आणणं मला पटत नाही. कुत्र्याच्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे केस काढल्याने आपल्याला मिळतो तसा गारवा त्याला मिळत नाही. उलट ऊन थेट कातडीवर पडतं, आणि काही जातींत केस पुन्हा नीट उगवतच नाहीत. रोज विंचरून सुटलेली लव काढा, तेवढं पुरे.

आणि नाकाचं इतकं कौतुक केल्यावर पगचा विषय टाळता येत नाही. मोबाइलच्या एका जाहिरातीनंतर हे चपट्या तोंडाचे कुत्रे घरोघरी आले. ज्या मुस्कटात गारव्याची यंत्रणा बसायची, तेच माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून दाबून टाकलं. नाकपुड्या अरुंद, आतल्या गुंडाळ्या चेपलेल्या, टाळूचा मऊ भाग लांबून श्वासनलिकेच्या तोंडावर आलेला. बसल्या जागी त्याचा जो घुरघुर आवाज लोकांना गोड वाटतो, तो श्वास अडल्याचा आवाज आहे. घरी पग असेल तर त्याला जिवापाड जपा. नवा मात्र आणू नका. दख्खनमध्ये शतकानुशतकं वाढलेला लांब नाकाचा, सडपातळ कारवानी कुत्रा किंवा रस्त्यावरचं गावठी पिल्लू आपल्या हवेला कितीतरी जास्त योग्य आहे.

याच दिवसांत गल्लोगल्ली फाटकापाशी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या दिसतात. त्या पाहून कुत्रे जवळ येत नाहीत, ही समजूत. कुत्र्याला निळा आणि पिवळा बरा ओळखता येतो, लाल त्याला मंद, काळपट दिसतो, आणि यातल्या कशानेही तो घाबरत नाही. त्या बाटलीतलं पाणी पसरट भांड्यात ओतून सावलीत ठेवलं तर रस्त्यावरच्या एखाद्या जिवाची दुपार निभावेल. खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, हीही तशीच निराधार समजूत. आणि कुत्र्याला कांदा खायला घालणं तर धोक्याचं, कारण त्यातल्या द्रव्यांनी त्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

ऊन लागलंच, कुत्रा झोकांड्या देऊ लागला, हिरड्या गडद लाल झाल्या, उलटी झाली, तर वाट पाहू नका. अंगभर पाणी ओता, पंखा लावा, आणि मग दवाखाना गाठा. गार पाण्याने धक्का बसेल म्हणून पाणीच टाकायचं नाही, या सल्ल्याने जीव जातात. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून मात्र ठेवू नका. त्याखाली हवा खेळत नाही.

सणाच्या पानातलं काय द्यायचं, हेही या यंत्रणेवरून ठरवता येतं. आपल्या घामातून मीठ जातं, म्हणून मीठ-गूळ घातलेलं पन्हं आपल्याला मानवतं. धापेतून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. लाळेतले क्षार बहुतांशी तोंडातच राहतात आणि परत गिळले जातात. त्याला पन्हं नको, साधं पाणी हवं, आणि ते सतत भरलेलं हवं. कैरीची डाळ मिरची-फोडणीची, ती आपल्यापुरती. बिया काढलेलं कलिंगड मोत्या फार आवडीने खातो. आंब्याची एखादी फोडही चालते, कोय मात्र अजिबात नाही: चोखता चोखता ती गिळली जाते, आतड्यात अडकते, आणि अनेकदा शस्त्रक्रिया करूनच काढावी लागते. आमरसाच्या दिवशी कोयी झाकणाच्या डब्यात टाका, आणि तो डबा उंचावर ठेवा.