ब्रेल ठिपक्यांचे संगणकीय संकेतन

ब्रेल लिपीतील ठिपक्यांच्या आकृत्या संगणकात साठवता, पाठवता आणि उमटवता याव्यात म्हणून त्यांना क्रमांक देण्याची पद्धत. युनिकोड या जगातल्या लिप्यांमधील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात यासाठी २५६ चिन्हांचा स्वतंत्र संच आहे. तो १९९९ मध्ये ३.० या आवृत्तीत आला. त्यातील चिन्हांचे क्रमांक १०२४० ते १०४९५ असे आहेत; षोडशमान (१६ हा पाया असलेल्या) पद्धतीत हा संच २८०० पासून सुरू होतो.

लुई ब्रेल यांच्या पद्धतीत एका घरात सहा ठिपके असतात: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. कोरे घर धरून त्यांच्या ६४ आकृत्या होतात. संगणकावरील कामाला त्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तळाशी ७ आणि ८ हे ठिपके जोडले गेले. युनिकोडमध्ये या आठ ठिपक्यांना अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ अशा किमती आहेत. उठलेल्या ठिपक्यांच्या किमतींची बेरीज १०२४० मध्ये मिळवली की त्या आकृतीचा क्रमांक मिळतो. भारती ब्रेलमधील (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमधील) ‘म’ म्हणजे १, ३ आणि ४ हे ठिपके; बेरीज १ + ४ + ८ = १३, म्हणून क्रमांक १०२५३. कोष्टक पाठ करायची गरजच नाही. बोटाला जे लागते त्याचाच हा हिशोब आहे, आणि म्हणूनच ही रचना इतकी सुंदर आहे.

मात्र १०२५३ म्हणजे ‘म’ नव्हे. युनिकोडने अक्षराला नव्हे, आकृतीला क्रमांक दिला आहे. हीच आकृती इंग्रजीत ‘एम’ म्हणून वाचली जाते. ३, ४, ५, ६ हे ठिपके भारती ब्रेलमध्ये ‘ण’ दाखवतात, आणि पुढे अंक येत असल्याची खूणही तीच असते. मोजक्या आकृत्यांवर जगातल्या भाषा लिहिल्या जातात, तेव्हा हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. नाहीतर एकाच आकृतीला भाषेगणिक वेगळा क्रमांक द्यावा लागला असता. पण त्यामुळे नुसत्या क्रमांकांवरून मजकुराची भाषा कळत नाही, ती बाहेरून सांगावी लागते. कोऱ्या घराचीही एक गंमत आहे: १०२४० हे चिन्ह दिसायला मोकळी जागा असले तरी युनिकोडच्या लेखी ते दोन शब्दांमधले अंतर नाही.

व्यवहारात मराठी मजकूर बहुधा देवनागरीतच साठवतात आणि वाचण्याच्या किंवा छापण्याच्या वेळी ब्रेलमध्ये बदलतात. ‘लिबलुई’ हे मुक्त सॉफ्टवेअर भाषावार नियमांच्या आधारे हे काम करते. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये स्वर उच्चाराच्या क्रमाने येतात. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग ‘इ’. युनिकोडही पहिली वेलांटी व्यंजनानंतरच साठवते, त्यामुळे तिथे अडचण नाही. जोडाक्षराचे तसे नाही. ‘प्र’ देवनागरीत प, हलन्त, र अशा क्रमाने साठवला जातो, तर भारती ब्रेलमध्ये हलन्ताचा ठिपका (४) आधी येतो, मग प आणि र. अक्षरामागून अक्षर बदलत जाणारा भाबडा प्रोग्राम इथे हमखास चुकतो.

युनिकोडच्या आधीपासून चालत आलेली पद्धत म्हणजे ब्रेल आस्की. तिच्यात सहा ठिपक्यांच्या ६४ आकृत्यांसाठी कीबोर्डवरचीच ६४ चिन्हे वापरतात आणि अशी फाइल ‘बीआरएफ’ म्हणून ओळखली जाते. ठिपके उठवणाऱ्या छपाई यंत्रांसाठी तिचा वापर अजून होतो. त्या फाइलमध्ये ‘मराठी’ हा शब्द एम, आर, ‘पेक्षा मोठे’ची खूण, डब्ल्यू आणि ९ असा दिसतो. डोळ्यांना त्यातून काही अर्थबोध होत नाही. कागदावर ठिपके उमटले की बोटांना मात्र ‘मराठी’ लागते.