वरचा थर

कोकणातल्या घरात फरशीला पॉलिश करणं तसं नवंच. आधी असायची ती जमीन. पाऊस सरला की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, उकरायचं, पाणी मारून चोपण्याने चोपायचं आणि शेणाने सारवायचं. माजघरातही तेच. जमीन खराब झाली की घासत बसायचं नाही, वर नवा थर द्यायचा.

दगडाला तोटा नव्हता. पण इथला दगड म्हणजे जांभा. भरपूर पावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून जातात, मागे लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात; त्यातून हा सच्छिद्र, तांबडा दगड तयार होतो. खाणीत मऊ, हवा लागली की कठीण. चिऱ्यांच्या भिंतीला उत्तम, पण चकाकी धरणं त्याच्या स्वभावातच नाही.

गुळगुळीत फरशी बाहेरून आली. 1871 मध्ये मुंबई आणि मद्रासकडून येणारे लोहमार्ग रायचूरला जुळले. शहाबाद याच मार्गावर, त्यामुळे तिथल्या चुनखडीच्या लाद्या दूरवर जाऊ लागल्या. कोकणात शहाबादी बहुधा ओटीवर आणि न्हाणीत दिसते. ती खडबडीतच बसवायची, गुळगुळीत व्हायची ती पिढ्यांच्या पायांनी. माझ्या मते तेच तिचं खरं पॉलिश. पुढे कडप्पा, कोटा आणि मार्बल आले, आणि त्यांच्याबरोबर पॉलिशवाल्याचं मशीनही.

घासायला पूर्वी कुरुंद हे फार कठीण खनिज असे. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही आपल्याकडच्याच भाषांतून गेलेला. 1891 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनने सिलिकॉन कार्बाइड बनवलं, 'कार्बोरंडम' म्हणून ते बाजारात आलं आणि घासायचे दगड स्वस्त झाले. आजही मशीनला आधी जाड, मग बारीक नंबरचे दगड लावतात. मार्बलला शेवटी ऑक्झॅलिक पावडर. म्हणजे सारवणाच्या अगदी उलट कारभार: तिथे थर चढतो, इथे दर वेळी उतरतो.

घोटाळा होतो तो जुन्या सवयींमुळे. शेणाच्या जमिनीवर कोकमाचं आगळ सांडलं तर पुढच्या सारवणात सगळं झाकलं जाई. कोटा, मार्बल, शहाबादी, कडप्पा ही सगळी कॅल्शियम कार्बोनेटची जात. आगळ, लिंबू, चिंच यांतल्या आम्लाने दगडच खाल्ला जातो आणि पांढुरका ठपका उरतो. तो डाग नव्हे, त्यामुळे पुसून जात नाही, पुन्हा घासावंच लागतं. आमच्या घरी न्हाणीचं अॅसिड ओटीवर ओतून फरशी 'स्वच्छ' केली गेली, तिची रया अजून परतलेली नाही. ग्रॅनाइट मात्र लिंबाला दाद देत नाही.

दुसरा शत्रू वाळू. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोहस श्रेणीत तिच्यातले क्वार्ट्झचे कण 7, चुनखडीतलं कॅल्साइट जेमतेम 3. पायरीशी पाण्याची बादली ठेवायची रीत सोवळ्यासाठी असेल, पण कोट्याला तीच वाचवते. गणपती पोचवून येताना मात्र पाटावरून वाळू घरात आणायचीच असते. त्या रात्री फरशीचा विचार कोण करतो!