ओढ्याने घडवलेले अंग

सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळच्या वेण्णा नदीत पावसाळा ओसरल्यावर उतरावे. पाणी पोटरीइतकेच, पण ओढ अशी की पाऊल जपून टेकवावे लागते. तळाचा एखादा गुळगुळीत गोटा अलगद उचलला, की खालून बोटभर लांबीचा मातकट मासा सटकतो आणि पुढच्याच दगडाखाली दिसेनासा होतो. बाजारात त्याला किंमत नाही. पण अशाच माशांचा शोध घेत नेल्सन अ‍ॅनंडेल हा प्राणिशास्त्रज्ञ या ओढ्यांपर्यंत पोहोचला होता. मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांमधल्या जीवांवरचा त्याचा लेख 1919 मध्ये छापून आला आणि मेढ्याच्या वेण्णेतला एक मासा त्यात नवी जात म्हणून नोंदला गेला.

त्याच वर्षी अ‍ॅनंडेल लाहोरच्या एका महाविद्यालयात गेला आणि तिथे त्याला सुंदरलाल होरा भेटले. होरांचा जन्म 1896 चा, आज पाकिस्तानात असलेल्या हाफिजाबादचा. अ‍ॅनंडेलने त्यांना कोलकात्याला, 1916 मध्ये सुरू झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत बोलावून घेतले. पुढे 1947 मध्ये होरा तिचे प्रमुख झाले आणि 1955 मध्ये वारले. मधली सगळी वर्षे त्यांनी माशांना वाहिली. त्यातही विशेष जीव होता तो डोंगरातल्या धावत्या पाण्यातल्या माशांवर.

त्या काळी माशांचा अभ्यास बराचसा बरणीतून होई. स्पिरिटमधला मासा काढायचा, खवले मोजायचे, परांतले काटे मोजायचे आणि नाव द्यायचे. होरांनीही हे काम मनापासून केले. मणिपूरच्या माशांवरचा त्यांचा लेख 1921 चा आहे. पण ओढ्याकाठी उभे राहिल्यावर त्यांना वेगळाच प्रश्न पडला. एवढ्या लोंढ्यात हा मासा वाहून का जात नाही?

खळाळते पाणी वरून दिसते तितके तळाशी वेगवान नसते. दगडाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर असतो आणि घर्षणामुळे तो जवळजवळ थांबलेला असतो. त्या थरात मावेल इतका चपटा जो झाला, तो वाचला. म्हणून डोंगरी ओढ्यातल्या कित्येक माशांचे पोट पाटासारखे सपाट, डोळे वर सरकलेले आणि छातीचे पर जमिनीला समांतर, पंख्यासारखे पसरलेले दिसतात. माशाला पाण्यात तरंगते ठेवणारी हवेची पिशवी त्यांच्यात आक्रसून गेलेली असते. ज्याला तळाला धरून राहायचे आहे, त्याला तरंगून काय करायचे?

धरून राहण्याच्या युक्त्या मात्र प्रत्येक कुळाने आपापल्या काढल्या. गारा या माशाच्या खालच्या ओठामागे गोल मांसल चकती असते. ती दगडावर दाबून तो जागा धरतो. ग्लिप्टोथोरॅक्स या मांजरमाशाच्या कुळातल्या जिवाच्या छातीवर कातडीच्या उभ्या घड्या असतात. बॅलिटोरा तर सगळे अंगच दगडाला टेकवतो. त्याच्या परांचे बाहेरचे काटे जाड आणि चिकट, तर आतले काटे सतत हलत राहून अंगाखाली शिरलेले पाणी बाहेर काढत असतात. काम एक, अवयव वेगळे आणि कुळेही वेगळी. होरांनी 1930 मध्ये या सगळ्याची मोठी मांडणी प्रसिद्ध केली. मला तिच्यात सर्वांत मोलाची वाटते ती नजर: माशाच्या अंगावरून पाण्याचा वेग, तळाचा खडक आणि नदीचा उतार वाचता येतो. अधिवास ही माशाभोवतीची नुसती जागा नव्हे, ती त्याच्या हाडामांसात उतरलेली असते.

यातूनच त्यांना दुसरे कोडे दिसले. आसाम आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांतल्या ओढ्यांत जे मासे, त्यांचे जवळचे भाऊबंद थेट पश्चिम घाटात भेटतात. मधल्या सपाट मुलखात त्यांचा पत्ता नाही. जो मासा संथ, गढूळ पाण्यात टिकत नाही, तो गंगेचे मैदान ओलांडून आला कसा? होरांनी उत्तर सुचवले ते सातपुड्याचे. हिमयुगांच्या काळात विंध्य-सातपुड्याची रांग अधिक उंच आणि ओली होती, राजमहाल आणि गारो टेकड्यांमधली खिंड बुजलेली होती आणि ओढ्या-ओढ्यांनी हे मासे सह्याद्रीपर्यंत सरकले, असे त्यांचे म्हणणे. 1949 मध्ये या कल्पनेवर खास परिसंवाद झाला. सालिम अलींनीही पक्ष्यांच्या बाजूने सातपुड्याच्या या वाटेचा विचार मांडला.

पुढे ही कल्पना तशीच उभी राहिली नाही. सातपुडा तितका उंच होता याला भूगर्भशास्त्रातून आधार मिळाला नाही, आणि डीएनए तपासल्यावर या 'भाऊबंद' मानलेल्या प्राण्यांपैकी काहींचे नाते अपेक्षेपेक्षा दूरचे निघाले. तरीही मी होरांना चूक म्हणणार नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न आजही कामाला लावतो आहे.

दख्खनशी त्यांचा संबंध याहून जवळचा होता. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी देवळालीच्या माशांवर लिहिले आणि 1943 मध्ये दख्खनच्या महासीर या मोठ्या खवल्यांच्या नदीतल्या माशावरही. या महासीरची कथा आणखी शंभर वर्षे मागची. मुंबई सरकारचा अधिकारी कर्नल साइक्स याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने कित्येक जातींना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच दिली. मुळा-मुठेतला महासीर 'खुद्री' झाला. आपण त्याला खडशी म्हणतो. नाकावर खाच असलेला इंद्रायणीतला मासा 'नुक्ता' झाला, म्हणजे आपला नकटा. मराठी नावे लॅटिनच्या पंक्तीला जाऊन बसली. तो नुक्ता आज जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

जुन्या नोंदींची ही ओढ होरांनाही होती. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात जे मासे मारायला बंदी होती ते नेमके कोणते, हे त्यांनी शोधून पाहिले. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'तले मासेमारीचे प्रकरणही त्यांनी उलगडले. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद असलेला बाराव्या शतकातला ग्रंथ तो हाच.

आणि धरणे. 1940 च्या आसपासच होरांनी धरणे आणि स्थलांतर करणारे मासे या प्रश्नावर लिहिले होते. मोठ्या धरणांचा काळ आपल्याकडे पुरता सुरूही झाला नव्हता तेव्हा. धरणाची भिंत मासा अडवते हे कोणालाही समजते. तिच्या मागे काय होते, ते समजायला होरांची नजर लागते. वाहते पाणी थांबते, गाळ खाली बसतो, गोट्यांमधल्या फटी भरून जातात, तळाशी प्राणवायू कमी होतो. ओठामागची चकती, छातीवरच्या घड्या, पाटासारखे पोट, सगळे शाबूत असते. फक्त ज्याच्यासाठी ते घडले तो ओढाच उरत नाही.

होरांच्या नावाचा एक मासा मुंबईच्या किनाऱ्यालगत मचूळ पाण्यात राहतो. होराइक्थिस हा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा पारदर्शक जीव 1940 मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी वर्णिला. याच कुलकर्णींनी पुढे लोणावळ्याच्या टाटांच्या तलावांवर खडशीच्या विणीचा अभ्यास केला आणि 1970 च्या सुमारास तिची अंडी हाताने फळवून पिल्ले वाढवण्याचे काम उभे केले. माशाला हवा असलेला वाहता, गोट्यांचा तळ कमी होत असताना त्याचा वंश चालू ठेवण्याची ही धडपड होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण लोणावळ्याची पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, त्यांत कावेरीही होती. कावेरीत तिचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महासीर होता, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. खडशी तिथे रुजली, वाढली, आणि तो मागे पडत गेला. त्याचे शास्त्रीय नाव नक्की व्हायला 2018 साल उजाडले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. मुळा-मुठेच्या पाण्यात घडलेला मासा कावेरीत सोडताना, त्या नदीने आधी कोणाला घडवले आहे, हे पाहायचे राहून गेले.

मेढ्याच्या खाली वेण्णेवर आज कण्हेरचे धरण आहे. जलाशयाच्या वर, जिथे पाणी अजून दगडांवरून उड्या मारते, तिथे गोटा उचलून पाहता येतो. पाहून झाले की तो होता तसाच, होता तिथेच ठेवावा.